व्हायोलिनवादनातील गायकी अंग

हिंदुस्थानी रागसंगीतात गळ्याची मांडणी, शब्दोच्चार आणि श्वास यांच्या अंगाने व्हायोलिन वाजवण्याची पद्धत. तिच्या शेजारी तंतकारी अंग उभे असते. त्यात सतार-सरोदच्या वळणाच्या गती (वाद्यासाठी बांधलेल्या रचना), तुटक आघात आणि ‘झाला’ हा शेवटचा द्रुत, झणत्कारी भाग यांवर भर असतो. मैफलीत बहुतेक वादक दोन्ही वापरतात, त्यामुळे या विभागणीवरून वादकाचा ओढा कुठे आहे एवढेच कळते.

व्हायोलिन दक्षिणेत आधी रुळले. कर्नाटक संगीतात ते आणण्याचे श्रेय बाळुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) यांना दिले जाते. उत्तरेत ते विसाव्या शतकात स्थिरावले आणि त्यात मराठी गवयांचा वाटा मोठा आहे. गजाननराव जोशी (१९११–१९८७) हे एकाहून अधिक घराण्यांची तालीम घेतलेले ख्यालगायक होते. गळ्यातली गायकी त्यांनी तारांवर नेली. गोव्याचे श्रीधर पार्सेकर याच वाटेचे. वि. गो. जोग (१९२२–२००४) यांचा कल लयकारीकडे (लयीच्या खेळाकडे) आणि तंतकारीकडे होता. बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या गाजल्या. दा. के. दातार (१९३२–२०१८) यांनी विघ्नेश्वरशास्त्री यांच्याकडे तालीम घेतली आणि द. वि. पलुस्कर यांच्या गाण्याला साथ केली. त्यांच्या वादनातला संथ, गोल स्वर तिथला आहे. एन. राजम (जन्म १९३८) कर्नाटक पद्धतीत तयार होऊन ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे शिकल्या. त्यांच्या वादनात ख्यालाचे शब्द जवळजवळ ऐकू येतात.

शब्द ऐकू येतात ते उजव्या हातामुळे. नवशिका सगळे लक्ष डाव्या हाताच्या बोटांवर देतो, कारण पट्टीवर (फिंगरबोर्डवर) पडदे नसतात आणि स्वर हुकला की लगेच कळते. स्वर मात्र वर्षा-दोन वर्षांत बऱ्यापैकी बसतो. गज (बो) बसायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. गजाची लांबी सुमारे ७५ सेंटिमीटर, त्यात वापरात येणारे केस साधारण ६० सेंटिमीटर. संथ आलापीत एक गज ८ ते १० सेकंद पुरतो. विलंबित एकतालात १२ मात्रा आणि एक मात्रा ४ सेकंदांची धरली, तर आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, ४८ सेकंदांचे होते. म्हणजे एका आवर्तनात गज निदान पाच-सहा वेळा फिरणारच. तो कुठे फिरवायचा हा गायकी अंगातला खरा प्रश्न आहे. गायक जिथे श्वास घेईल किंवा नवे अक्षर उच्चारील तिथेच गज फिरवावा. मिंडेच्या (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याच्या) मध्यावर फिरला तर सूर तुटतो आणि ऐकणाऱ्याला वाक्य अर्धवट राहिल्यासारखे वाटते.

‘बालमा’ हा शब्द घ्या. ‘बा’वर गज ठाम सुरू होतो. ‘ल’साठी गज तोच राहतो, तर्जनीचा दाब क्षणभर हलका करून पुन्हा टेकवायचा, म्हणजे जीभ टाळूला लागून सुटल्याचा भास होतो. ‘मा’च्या आधी ओठ मिटतात, म्हणून तिथे गज जवळजवळ थांबवून दिशा बदलायची. ‘बालमा’ तीन वेगळ्या गजांत वाजवले तर अक्षरे मोजल्यासारखी वाजतात, एकाच सपाट गजात वाजवले तर नुसता ‘आ’कार उरतो. म्हणून बंदिश हातात घेण्याआधी ती तोंडपाठ गाता यायला हवी. शब्द लिहून त्यांखाली गज फिरण्याच्या जागांवर रेघा मारणे ही साधी सवय फार उपयोगी पडते.

गजाच्या चुका कानाला लगेच कळतात. गज संथ आणि दाब जास्त असेल तर तार किरकिरते. दाब कमी पडला तर शिट्टी वाजते, विशेषतः सर्वांत बारीक तारेवर. गज घोडी (ब्रिज) आणि पट्टी यांच्या मध्यावर, तारेशी काटकोनात हवा. टोकाशी कोपर पुरेसे उघडले नाही की तो तिरपा होऊन पट्टीकडे सरकतो आणि आवाज पोकळ होतो. राळ रोज दोन-चार हात पुरे. जास्त लावली तर पांढरी भुकटी घोडीखाली साचते आणि स्वराला खर येते.

बैठक गायकी अंगाला सोयीची आहे. वादक मांडी घालून बसतो आणि उजवा पाय थोडा पुढे काढतो. वाद्याचे खुंट्यांकडचे टोक त्या पायाच्या घोट्याजवळ आणि रुंद बाजू डाव्या छातीशी टेकते. पाश्चात्त्य पद्धतीत वाद्य हनुवटी व खांद्यात धरतात. इथे दोन्ही टोकांना आधार मिळाल्याने डावा हात वाद्य पेलण्यातून मोकळा होतो आणि एकाच तारेवर लांब मींड घेऊ शकतो. घसरण्याचे काम मुख्यतः तर्जनी आणि मध्यमा करतात. तिसरे-चौथे बोट द्रुत तानांना लागते. बोटे सरकावीत म्हणून काही जण टोकांना खोबरेल तेलाचा थेंब लावतात. तेल गजाच्या केसांना लागले तर ते तार पकडत नाहीत, म्हणून उजव्या हाताने तेलाला शिवू नये.

तारा लावण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत: मंद्र पंचम–षड्ज–पंचम–तार षड्ज (मंद्र म्हणजे खालच्या, तार म्हणजे वरच्या सप्तकातला), किंवा सा–प–सा–प. पेटीवरच्या पांढरी दोनला (पाश्चात्त्य डी) षड्ज धरून पहिली रीत लावली, तर पाश्चात्त्य लावणीतली सर्वांत जाड तार पूर्ण स्वराने चढते, सर्वांत बारीक तार तेवढीच उतरते, मधल्या दोन जागेवर राहतात. काळी चारच्या (जी शार्प) गायिकेला साथ करताना सा–प–सा–प सोयीचे: जाड दोन तारा अर्ध्या स्वराने चढवायच्या, बारीक दोन तेवढ्याच उतरवायच्या. तार चढवली की घोडीचा माथा पट्टीकडे कलतो. तो हाताने परत सरळ केला नाही तर घोडी वाकते आणि एक दिवस आडवी पडते. सर्व तारा एकदम सैल करू नयेत, आतला खांब (साउंडपोस्ट) निसटू शकतो. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, म्हणून तारबंदाकडचे (टेलपीसवरचे) बारीक स्क्रू असलेले बरे.

स्वरांतली अंतरे मोजली की बारकावा लक्षात येतो. घोडीपासून पट्टीच्या खुंट्यांकडच्या टोकापर्यंत तारेची लांबी सुमारे ३२५ मिलिमीटर असते. षड्जाच्या मोकळ्या तारेवर शुद्ध ऋषभ त्या टोकापासून ३६ मिलिमीटरवर, कोमल गंधार ५४ मिलिमीटरवर येतो. दरबारी कानडा या रागाचा गंधार त्याहून उतरता, ५१च्या आसपास. तो स्थिर ठेवत नाहीत: बोट ऋषभाच्या दिशेने काही मिलिमीटर मागे नेऊन सावकाश परत आणतात. इथेच सर्वाधिक वादक घसरतात. पाश्चात्त्य किंवा चित्रपटसंगीताच्या सवयीचे बोट सेकंदाला पाच-सहा वेळा थरथरते, तर आंदोलन (स्वराचे हे संथ झुलणे) सेकंदाला एखादेच पुरते. थरथर सुरू झाली की राग पुसला जातो. वरच्या सप्तकात हीच अंतरे निम्मी होतात, म्हणून तार सप्तकात बोटाची हालचालही निम्मी करावी लागते.

रियाज खर्जापासून (खालच्या स्वरांपासून): तंबोऱ्याबरोबर एका गजात १० सेकंदांचा षड्ज, आवाजाची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी, अशी १५–२० मिनिटे. मग एकाच तारेवर सा–रे, सा–ग, सा–प अशा मिंडा. स्वर बरोबर लागल्याची खूण डोळ्यांनाही दिसते: पंचमाच्या तारेवर तार षड्ज अचूक दाबला की शेजारची, तार षड्जाला लावलेली मोकळी तार आपोआप थरथरते. किंचित चुकला तर ती गप्प राहते.

साथीत नियम वेगळा. गायकाच्या ओळीमागे क्षणभर राहून तिची सावली धरायची आणि तो थांबला की शेवटच्या दोन-तीन स्वरांनी जागा भरायची. त्याने न घेतलेली सुरावट साथीदाराने आधी दाखवली तर गायकाची पुढची बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार) तिथेच कापली जाते.