युद्धकैद्यांची शेतमजुरी (अमेरिका, 1943–46)

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत आणलेल्या युद्धकैद्यांकडून, मुख्यतः जर्मन आणि काही इटालियन सैनिकांकडून, खासगी शेतांवर करून घेतलेली मजुरी. मे 1943 मध्ये ट्युनिशियात जर्मन-इटालियन फौजा शरण आल्या आणि कैद्यांचा ओघ वाढला. पुढे त्यांची संख्या सव्वाचार लाखांच्या आसपास गेली. इकडे गावोगावची तरणी माणसे सैन्यात किंवा शस्त्रांच्या कारखान्यांत गेल्याने ऐन हंगामात शेते ओस पडण्याची वेळ आली होती.

शेतकऱ्याला कैदी परस्पर मिळत नसत. स्थानिक मजूर मिळत नाहीत असा दाखला काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कृषी विस्तार यंत्रणेमार्फत लागे; मग सैन्याशी करार होई. त्या भागात चालू असलेला दर शेतकऱ्याने सरकारला भरायचा. कैद्याच्या हातात मात्र कामाच्या दिवसाचे 80 सेंट पडत, तेही रोख नव्हे, तर फक्त छावणीच्या कँटीनमध्ये चालणारी कुपने. दोहोंतला फरक सरकारी तिजोरीत जाई. त्यामुळे ‘फुकटचे मजूर’ हा समज चुकीचा आहे: शेतकऱ्याला पैसे पुरेच मोजावे लागत, आणि तेही बहुधा नवख्या हातांसाठी.

युद्धकैद्यांना कसे वागवायचे हे ठरवणाऱ्या 1929 च्या आंतरराष्ट्रीय जिनिव्हा करारानुसार लष्करी कारवाईशी थेट संबंध असलेले काम देता येत नसे, अधिकाऱ्यांवर कामाची सक्ती नव्हती, आणि हवालदार दर्जाच्या सैनिकांना त्यांनी स्वतः मागितल्याखेरीज फक्त देखरेखीचे काम देता येई. यातूनच एक डोकेदुखी उभी राहिली. अनेकजण ‘मी हवालदार’ असे सांगून मोकळे होत. मग सैनिकी नोंदवही पाहून दर्जा पडताळणे आले. काम नाकारणाऱ्याला पाव-पाण्यावर ठेवत.

काम पिकागणिक वेगळे. जॉर्जियात भुईमूग, दक्षिणेत कापूस, आयोवात मका. सर्वांत किचकट म्हणजे युटासारख्या पश्चिमेकडील राज्यांतला साखरेचा बीट. त्या काळी बीटचे एक ‘बी’ म्हणजे प्रत्यक्षात अनेक बियांचा गड्डा असे. एकाच जागी दोन-चार रोपे गुंतून उगवत. आखूड दांड्याच्या खुरप्याने ओळ फोडायची, साधारण 10 ते 12 इंचांवर झुपका राखायचा आणि त्यातले एकच रोप ठेवून बाकीची बोटांनी उपटायची. दोन रोपे राहिली तर दोन्ही कंद बारीक. हात घसरून ठेवायचे रोपच तुटले तर तेवढी जागा हंगामभर रिकामी. नवख्याकडून दोन्ही चुका होत. दिवसभर कमरेत वाकून हे करायचे, म्हणून विरळणीची धास्ती सरावाच्या मजुरांनाही असे.

शरदातल्या काढणीला टोकाशी आकडा असलेला कोयता लागे. आकड्याने कंद उचलायचा, दुसऱ्या हातात धरायचा आणि एका घावात पाला उडवायचा. घाव वर बसला तर साखर काढायला अडथळा करणारा डेख कंदाला राहतो आणि कारखाना वजनातून कपात करतो. खाली बसला तर कंदच वाया. उसाच्या वाढ्यांसारखाच हा पालाही जनावरांपुढे जाई.

मूळ छावणी लांब पडली की गावालगत तंबूंची हंगामी उपछावणी उभारत, कारण जिनिव्हा करारानुसार जाण्या-येण्याचा वेळ कामाच्या तासांत धरला जाई. आयोवातल्या अल्गोना या छोट्या गावाजवळची छावणी 1944 ते 1946 चालली. तिच्या हाताखाली आयोवा, मिनेसोटा आणि शेजारच्या राज्यांतही उपछावण्या होत्या. एडुआर्ड काइब या कैद्याने सोबत्यांसह तिथे तयार केलेला येशूजन्माचा देखावा आजही अल्गोनात नाताळात मांडला जातो.

कैद्यांच्या कपड्यांवर ‘पीडब्ल्यू’ (प्रिझनर ऑफ वॉर, म्हणजे युद्धकैदी) अशी ठळक अक्षरे रंगवलेली असत. सुरुवातीचा कडक पहारा 1944 पासून सैल केला गेला: पळून जाणारे थोडेच, आणि पहाऱ्यावरची माणसे इतरत्र हवी होती. दुपारचा डबा छावणीतून येई. तरी कैद्यांना जेवू घालायचे नाही हा नियम शेतकऱ्यांच्या घरी सर्रास मोडला जाई. पोटभर जेवलेला गडी जास्त ओळी उरकतो, हे बांधावरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नव्हते.

याच पद्धतीतली सर्वांत काळी घटना युटातल्या सलाइना गावी घडली. तिथली सुमारे 250 कैद्यांची उपछावणी बीटच्या कामासाठीच होती. युरोपातले युद्ध संपून दोन महिने झाले होते. 7-8 जुलै 1945 च्या मध्यरात्रीनंतर मनोऱ्यावरच्या एका अमेरिकन पहारेकऱ्याने झोपलेल्या कैद्यांच्या तंबूंवर मशीनगन चालवली. नऊजण मेले. पहारेकरी वेडसर ठरवला गेला. मृतांना फोर्ट डग्लसच्या लष्करी दफनभूमीत पुरले.

परत पाठवणी 1946 च्या उन्हाळ्यापर्यंत चालली. घरी निघालो म्हणून जहाजात बसलेले बरेच कैदी ब्रिटन आणि फ्रान्सच्या ताब्यात दिले गेले आणि तिथे पुन्हा मजुरीला लागले.