टायरोलची मार्गारेट: ‘कुरूप डचेस’चं ते चित्र तिचं नाहीच

लंडनच्या नॅशनल गॅलरीत एक चित्र आहे. डोक्यावर शिंगांसारखं शिरोवस्त्र, घट्ट चोळीत आवळलेली सुरकुतलेली छाती, हातात गुलाबाची कळी. ही आल्प्समधल्या टायरोल प्रांताची शासक मार्गारेट, इतिहासातली सर्वांत कुरूप स्त्री, असं आजही बिनदिक्कत सांगितलं जातं.

हे साफ चूक आहे. मार्गारेट वारली १३६९ साली आणि क्वेंटिन मात्सिसने हे चित्र रंगवलं १५१३च्या सुमारास. त्याने तिला पाहिलेलंच नव्हतं. उलट तिच्या काळातला इतिवृत्तकार, विंटरथूरचा योहान, तिला अतिशय सुंदर म्हणतो.

मग बदनामी आली कुठून? माझ्या मते, तिच्या लग्नांतून. बारा वर्षांची असताना तिचं लग्न आठ वर्षांच्या योहान हाइनरिशशी लावून दिलं होतं, लक्झेंबर्ग घराण्यातल्या. १३४१च्या नोव्हेंबरात तो शिकारीहून परतला, तर किल्ल्याचे दरवाजे बंद! तिने त्याला आत घेतलंच नाही. पुढच्याच वर्षी, चर्चने पहिलं लग्न रद्द केलेलं नसताना, तिने पवित्र रोमन सम्राट लुडविगच्या मुलाशी लग्न केलं. पोपने दोघांनाही बहिष्कृत केलं. ‘माउल्टाश’ हे तिचं टोपणनाव लोक वेड्यावाकड्या तोंडाशी जोडतात. पण अनेक अभ्यासकांच्या मते ती चारित्र्यावरची शिवी होती.

१३६३ मध्ये तिचा मुलगा माइनहार्ट वारला. त्याच महिन्यात तिने टायरोल ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याच्या हवाली केलं आणि अखेरची वर्षं व्हिएन्नात काढली.