उणे ५ मध्ये १ किती?

एखाद्या संख्येच्या बायनरी, म्हणजे फक्त ० आणि १ च्या, रूपात १ किती आहेत, हा प्रश्न जवळपास संगणकाइतकाच जुना आहे. १९५१ च्या फेरँटी मार्क १ या संगणकात त्यासाठी स्वतंत्र इन्स्ट्रक्शन (यंत्राला थेट समजणारी आज्ञा) होती, ‘साइडवेज ॲड’ म्हणजे आडवी बेरीज. १९६० मध्ये पीटर वेगनर यांनी एक सुरेख युक्ती छापली: संख्येतून १ वजा करायचा, उत्तराचं मूळ संख्येशी ‘अँड’ करायचं (दोन्हींत १ असेल तिथेच १ ठेवायचा), की सर्वांत उजवीकडचा १ पुसला जातो. शून्य हाती येईपर्यंत जितक्या फेऱ्या, तितके १. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ‘पॉपकाउंट’ ही १ मोजणारी इन्स्ट्रक्शन मात्र २००८ मध्ये, नेहालेम या पिढीबरोबर आली.

हे सगळं ठरावीक रुंदीच्या संख्यांपुरतं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या पूर्णांकाला कमाल रुंदीच नाही. आत तो सहसा ३० बिटांच्या (बिट म्हणजे बायनरीतला एक अंक) तुकड्यांत साठवलेला असतो. वेगनर यांची युक्ती तिथेही चालते, पण दर फेरीला अख्ख्या नव्या संख्या तयार होतात. दहा हजार बिटांपैकी निम्मे १ असतील, तर पाच हजार फेऱ्या! म्हणून लोक सरळ ‘बिन’ फंक्शनने स्ट्रिंग करून त्यातले १ मोजत. दिसायला ओबडधोबड, पण बरंच वेगवान.

एकूण बिट किती, हा शेजारचा प्रश्न आधी सुटला. त्यासाठी लॉगरिथम घेतला तर मोठ्या संख्यांत दशांशाची गोळाबेरीज दगा देते. पायथन ३.१ मध्ये, २००९ साली, ‘बिट_लेंग्थ’ आली. १ मोजणाऱ्या ‘बिट_काउंट’साठी मात्र २०२१ च्या ३.१० पर्यंत थांबावं लागलं.

खरी गंमत ऋण संख्यांची. टूज कॉम्प्लिमेंट ही संगणकात ऋण संख्या लिहिण्याची नेहमीची पद्धत; तिची रुंदी अमर्याद धरली तर उणे ५ च्या डावीकडे १ ची न संपणारी रांग लागते, मोजणार काय? कॉमन लिस्प या भाषेचं ‘लॉगकाउंट’ अशा वेळी शून्यं मोजतं. जावाचं ‘बिगइंटिजर’ चिन्हाच्या बिटपेक्षा वेगळे बिट मोजतं. उणे ५ साठी दोघांचं उत्तर १. मोठ्या संख्यांच्या गणितासाठीची जीएमपी लायब्ररी हात टेकून शक्य तेवढी सर्वांत मोठी संख्या परत देते. पायथन चिन्ह सोडून ५ चेच बिट मोजतो, उत्तर २. गणिती नजरेला लिस्पचा नियम अधिक देखणा वाटेल, मलाही वाटतो. पण ‘बिन’ची स्ट्रिंगही उणे चिन्ह पुढे लावून ५ च लिहिते, त्यामुळे जुन्या कोडमधली ती ओळ बदलून ‘बिट_काउंट’ घातलं तरी उत्तर तेच येतं.