आरंभीची रेल्वे आणि महाराष्ट्राचे समाजजीवन

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. तेव्हापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आजच्या महाराष्ट्रात लोहमार्ग कसे पसरले आणि त्यांमुळे इथली शेती, बाजार, मजुरी, यात्रा व जातींचे परस्परव्यवहार कसे बदलले, हा या नोंदीचा विषय आहे. या काळाच्या वर्णनांत पहिल्या गाडीच्या सोहळ्याला मोठी जागा मिळते. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, तोफांची सलामी आणि ३४ किलोमीटरचा प्रवास हे सारे संस्मरणीय होतेच. पण ठाण्यापर्यंतच्या गाडीने देशावरच्या शेतकऱ्याच्या आयुष्यात काही फरक पडला नाही. तो पडला सह्याद्री ओलांडल्यावर.

मुंबई बंदर आणि देश यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी होती. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तरी कापूस आणि धान्य मुंबईला पोहोचायला आठवडेच्या आठवडे लागत, आणि पावसाळ्यात वाहतूक जवळपास थांबे. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानातला कापूस स्वस्तात आणि वेळेवर हवा होता. रेल्वेमागची मुख्य प्रेरणा ही होती. मुंबईचे व्यापारीही यात मागे नव्हते. १८४५ च्या सुमारास जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी लोहमार्गाच्या योजनेला पाठबळ दिले. १८४९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जी.आय.पी., ही कंपनी स्थापन झाली. सरकारने तिला जमीन फुकट दिली आणि भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी दिली. नफा कमी पडला तर तूट सरकारी तिजोरीतून, म्हणजे इथल्या रयतेच्या सारा-करांतून भरायची होती. दादाभाई नौरोजींसारख्या अर्थचिंतकांनी पुढे या हमीवर कठोर टीका केली, आणि ती रास्त होती. जोखीम रयतेची आणि व्याज लंडनच्या भागधारकांचे, असा तो करार होता.

१८५४ मध्ये गाडी कल्याणला पोहोचली, १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत गेली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा मार्गही सुरू झाला, पण मधला घाट अजून फुटायचा होता. त्यामुळे काही वर्षे प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीत, तट्टावर किंवा पायी घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत.

बोरघाटाचे काम

मुख्य अभियंता जेम्स बर्कली याच्या आराखड्यानुसार १८५६ मध्ये बोरघाटाचे काम सुरू झाले. सुमारे २५ किलोमीटरच्या टप्प्यात मार्गाला १,८३१ फूट चढायचे होते. त्यासाठी २५ बोगदे खणावे लागले, दऱ्यांवर आठ मोठे कमानी पूल बांधावे लागले. काही ठिकाणी दर ३७ फुटांमागे एक फूट इतका चढ होता. एका जागी वळणाला वावच नव्हता. तिथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला जोडत आणि उलट दिशेने पुढचा चढ चढत.

ही आकडेवारी बहुतेक ठिकाणी सापडते. ज्यांच्या हातांनी हा घाट फुटला त्यांच्याविषयी मात्र फार थोडे लिहिले गेले. काम ऐन भरात असताना घाटात सुमारे ४२,००० माणसे राबत होती. आसपासच्या मावळ-कोकणातले लोक त्यांत होते, तसे दूरच्या मुलखांतूनही आले होते. दगडमातीच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले वडार, शेतीची कामे आटोपल्यावर येणारे कुणबी, गावकीपलीकडे रोख मजुरी शोधणारे महार, असे नाना जातींचे लोक होते. स्त्रिया आणि मुले पाट्या वाहत. उभ्या कड्यावर पाय टेकायलाही जागा नसे, तिथे माणसांना दोराने खाली सोडत आणि ती लोंबकळत सुरुंगासाठी भोके पाडत. मुकादम उचल देऊन टोळ्या आणत आणि मजुरी त्यांच्याच हातून वाटली जाई. पाऊस सुरू झाला की बहुतेक टोळ्या गावी परतत.

पहिला कंत्राटदार विल्यम फेविएल याच्या कामावर मजुरी थकू लागली. जानेवारी १८५९ मध्ये चिडलेल्या मजुरांनी दंगा केला आणि युरोपीय देखरेखवाल्यांवर हल्ला केला. चौकशी झाली, फेविएलचे कंत्राट सुटले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. मग त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट आपल्या हाती ठेवले, दोन अनुभवी अभियंते नेमले आणि काम पुरे केले. तिचे नाव इतिहासात राहिले. पटकी, हिवताप आणि सुरुंगांनी जे हजारो मजूर मेले त्यांची नावे कुणी टिपली नाहीत. १८६३ मध्ये घाट वाहतुकीला खुला झाला. सदोष बांधकामामुळे १८६७ मध्ये त्यातला एक मोठा पूल कोसळलाही.

नाशिककडे जाणारा थळघाट १८६५ मध्ये पार झाला. १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोहोचली, १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता जोडले गेले आणि १८७१ मध्ये सोलापूर-रायचूरमार्गे मद्रासही.

कापूस, बाजार आणि कर्ज

घाटाचे काम चालू असतानाच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले (१८६१-६५). तिथला कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. पूर्वी हा कापूस बैलांवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरलाही जाई. लोहमार्गाने त्याचे तोंड कायमचे मुंबईकडे वळवले. खामगाव आणि अमरावती मुख्य मार्गापासून बाजूला होती, म्हणून तिथे फाटे नेले. स्टेशनांजवळ सरकी काढण्याचे आणि गठ्ठे दाबण्याचे कारखाने निघाले. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवले गेले. भुसावळ, मनमाड, इगतपुरी, दौंड आणि कुर्डुवाडी यांचा आजचा आकारही लोहमार्गाचा आहे. इंजिनशेड, चाळी, साहेबांचे बंगले आणि चर्च यांची रेल्वे वसाहत एकीकडे, जुने गाव दुसरीकडे, अशी त्यांची रचना आजही ओळखू येते.

युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले. तेजीच्या दिवसांत सावकारांनी सढळ हाताने दिलेले कर्ज शेतकऱ्यांच्या मानेवर राहिले. दख्खनमध्ये त्याच सुमारास घाटाची आणि लोहमार्गाची कामे आटोपली होती, त्यामुळे रोख मजुरीचा आधारही तुटला. त्यात साराफेर झाला, म्हणजे शेतसारा नव्याने ठरवून वाढवला गेला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांची खतपत्रे जाळून सुरू झालेल्या दंग्यांची ही पार्श्वभूमी आहे. दंग्यांचे सारे खापर रेल्वेवर फोडणे चुकीचे ठरेल, पण रेल्वे वगळून ते समजतही नाहीत.

ज्यांचा धंदा वाहतुकीचाच होता त्यांना सर्वांत मोठा फटका बसला. बैलांचे तांडे घेऊन मीठ आणि धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचे काम आधी गाडीरस्त्यांनी घटले, रेल्वेने जवळपास संपवले. भटकणे हा ज्यांच्या उपजीविकेचा भाग होता, ते आता सरकारच्या नजरेत संशयित ठरले. १८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानात आलेला गुन्हेगार जमाती कायदा पुढे इकडेही लागू झाला आणि त्याचा जाच अशाच अनेक जमातींच्या वाट्याला आला.

१८७६-७८ च्या दुष्काळात रेल्वेने सोलापूर-पुण्याकडे धान्य आणले, हे खरे. त्याच रेल्वेने धान्य जिकडे भाव तिकडे ओढून नेले आणि सुकाळ असलेल्या भागांतही महागाई पोहोचवली, हेही तितकेच खरे. पूर्वी ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, साठवून ठेवण्याकडे कल असे. बाजार जवळ आल्यावर ती विकण्याकडे कल वाढला, अशी टीका त्या काळात झाली. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये खुला झाला. त्याच्या बांधकामावर दुष्काळग्रस्तांना कामे मिळाली.

कोकण मात्र यातून जवळजवळ वगळलेच गेले. मुंबईच्या गिरण्यांना लागणारे मजूर रत्नागिरी जिल्ह्यातून मोठ्या संख्येने आले, ते गलबतांनी आणि आगबोटींनी. रेल्वेने मुंबईत माणसे आणली असे सरसकट म्हणताना हे विसरले जाते.

यात्रा, वेळ, भाषा

मालवाहतूक मुख्य आणि प्रवासी दुय्यम, असा कंपनीचा अंदाज होता. प्रत्यक्षात तिसऱ्या वर्गाला अफाट गर्दी झाली. पंढरीच्या वारकऱ्यांना बार्शी रोड, म्हणजे नंतरचे कुर्डुवाडी, हे स्टेशन जवळचे झाले. नाशिकच्या सिंहस्थाला लांबलांबचे लोक येऊ लागले. यात्रेच्या दिवसांत माणसांना मालडब्यांतही कोंबत. गर्दीबरोबर पटकीही फिरे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा शहर सोडणाऱ्यांचे लोंढे गाडीनेच बाहेर पडले. मग कल्याणसारख्या जंक्शनांवर डॉक्टरी तपासणी सुरू झाली, आणि स्त्रियांच्या तपासणीने लोक विशेष संतापले.

घड्याळ दारोदारी नव्हते, तरी स्टेशनाच्या वेळेची दखल घ्यावीच लागे. ती वेळ मद्रासची होती, मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे. १९०६ मध्ये देशभर एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबई शहराने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. आगगाडी, फलाट, सांधेवाला, स्टेशनमास्तर हे शब्द रूढ झाले. बिघडलेले काम ‘रुळावर’ येऊ लागले.

रेल्वेने नोकरदारांचा एक नवा वर्गही घडवला. १८९९ मध्ये जी.आय.पी.च्या तारमास्तरांनी संप केला, तेव्हा लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी त्यांची बाजू उचलून धरली. अंगमेहनतीची कामे करणारे रेल्वेचे खलाशी आणि रुळांची देखभाल करणारे गँगमन यांच्या गाऱ्हाण्यांना मात्र वर्तमानपत्रांत तशी जागा मिळत नसे.

तिसऱ्या वर्गाच्या बाकावर सर्व जाती शेजारी बसतात, म्हणून जातीची बंधने सैल होतील, अशी आशा अनेक सुधारकांना होती. तिकिटावर जात नव्हती, हे महत्त्वाचे होतेच. तरी १९०१ मध्ये सातारा भागातल्या मसूर स्टेशनावर लहानगे भीमराव आंबेडकर घरातल्या इतर मुलांसह वडिलांकडे जायला उतरले, तेव्हा काय घडले ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बाहेरचे गाडीवान विटाळाच्या भीतीने त्यांना न्यायला तयार होईनात. शेवटी भाडे दुप्पट ठरले. बैलगाडी मुलांनी स्वतः हाकली आणि गाडीवान तिच्या बाजूने पायी चालला.