‘चढी किंमत सांगा, घासाघीस होतेच’ हे गणित का फसतं

गंगापूर रोड असो की इंदिरानगर, बंगला विकायला काढला की नाशकात सल्ला ठरलेला: “वीस-तीस लाख वाढवूनच सांगा, गिऱ्हाईक पाडून मागतंच.” पण पाडून मागायला गिऱ्हाईक आधी दारात यायला हवं ना!

खरी अडचण कर्जाची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँक घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देते, आणि ते मूल्य बँकेचा व्हॅल्युअर ठरवतो, तुमची जाहिरात नव्हे. समजा, त्याने दीड कोटी धरले. तुम्ही १ कोटी ८० लाखांवर अडून बसलात, तर कर्ज फार तर १ कोटी १२.५ लाख, उरलेले ६७.५ लाख घेणाऱ्याने पदरचे घालायचे. दीड कोटीला सौदा झाला तर ३७.५ लाख. मुद्रांक शुल्क वेगळंच. हा हिशेब घरीच करून अनेकजण बंगला बघायलाही येत नाहीत.

सजावटीचंही तसंच. विकण्यापुरतं नवं मॉड्युलर किचन कशाला? त्यापेक्षा गच्चीची गळती काढा. ओल आलेली भिंत नुसती रंगवली, तर पहिल्या पावसात पोपडे धरते. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला आणि घरपट्टीच्या पावत्या मात्र पहिल्याच भेटीत टेबलावर हव्यात.