यकृतपेशी तयार व्हायला तीन आठवडे का लागतात? ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे यकृतपेशींची मागणी नोंदवणाऱ्या प्रयोगशाळांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: मूलपेशी (ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी घडू शकतात) तुमच्याकडे तयार आहेत, मग त्यांच्यापासून यकृतपेशी मिळायला तीन आठवडे कशाला हवेत? प्रश्न रास्त आहे. गर्भात यकृत ज्या क्रमाने घडते, त्याच क्रमाने आम्हाला या पेशी घडवाव्या लागतात आणि त्या क्रमातली एकही पायरी गाळता येत नाही. हा क्रम एकदा नीट लक्षात आला की आमच्या पेशींकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, हेही कळते; म्हणून तो येथे थोडा विस्ताराने देत आहोत.

मानवी गर्भात यकृताची पहिली खूण चौथ्या आठवड्यात दिसते. आद्य आतड्याच्या पुढच्या भागात, पोटाकडच्या भिंतीवर पेशींचा एक लहानसा फुगवटा येतो, तो यकृतांकुर. त्या भिंतीतल्या सगळ्याच पेशींचे यकृत होत नाही. शेजारीच आकार घेऊ लागलेले हृदय एफजीएफ गटातली प्रथिने सोडत असते, आणि ज्या पडद्यापासून पुढे श्वासपटलाचा काही भाग बनतो, तो पडदा बीएमपी गटातली प्रथिने सोडत असतो. हे दोन्ही निरोप ज्या पेशींपर्यंत पोहोचतात, त्या यकृताच्या वाटेला लागतात. हृदयापासून जरा दूर राहिलेल्या काही पेशी स्वादुपिंडाच्या वाटेने जातात. यानंतर अंकुरातल्या पेशी आपली मूळ रांग मोडून त्या पडद्याच्या सैल ऊतीत शिरतात, आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर होऊ घातलेल्या पेशी त्यांच्याभोवती गोळा होतात. या सोबतीचे महत्त्व उंदरांच्या गर्भांवरील प्रयोगांत स्पष्ट दिसले: अस्तराच्या पेशीच नसलेल्या गर्भांत यकृतांकुर फुटला, परंतु त्यापुढची वाढ खुंटली.

या टप्प्यावरच्या पेशींना हेपॅटोब्लास्ट म्हणतात. त्यांच्यापुढे दोन वाटा खुल्या असतात. आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या प्रवेशिनी शिरेच्या अगदी कडेला असलेल्या पेशी पित्तनलिकांचे अस्तर होतात आणि उरलेल्या बहुसंख्य पेशी यकृताच्या मुख्य कामकरी पेशी होतात.

गर्भाच्या यकृताकडे याच काळात आणखी एक मोठे काम येते, ते म्हणजे रक्त तयार करण्याचे. सहाव्या आठवड्याच्या सुमारास रक्ताच्या मूलपेशी तेथे मुक्कामाला येऊ लागतात आणि पुढचे काही महिने, अस्थिमज्जा ते काम हाती घेईपर्यंत, यकृत हाच रक्तनिर्मितीचा मुख्य अवयव असतो. नवव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या एकूण वजनाचा जवळजवळ दहावा हिस्सा एकट्या यकृताचा असतो, त्याचे एक मोठे कारण हेच. आम्हाला स्वतःला या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग मात्र पुढे आहे. मुक्कामाला आलेल्या या रक्तपेशी ऑन्कोस्टॅटिन एम नावाचे प्रथिन सोडतात, आणि त्या प्रथिनामुळे भोवतालच्या यकृतपेशी परिपक्व होऊ लागतात, असे उंदरांच्या गर्भांत आढळले आहे. पाहुणे आले आणि जाता जाता घर लावून गेले, असाच हा प्रकार आहे.

आता प्रयोगशाळेतल्या, पेशी वाढवण्याच्या आमच्या बशीकडे वळू. आम्ही प्रौढ दात्यांच्या पेशींपासून बनवलेल्या आयपीएस मूलपेशी वापरतो. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या प्रौढ पेशींना अवघ्या चार जनुकांच्या साहाय्याने पुन्हा मूलावस्थेत नेऊन दाखवले आणि या कामाबद्दल त्यांना जॉन गर्डन यांच्यासमवेत २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशींना पहिले सुमारे पाच दिवस ॲक्टिव्हिन ए हे प्रथिन देऊन अंतःस्तराच्या, म्हणजे आद्य आतड्याच्या, वाटेवर आणले जाते. पुढचे पाच दिवस एफजीएफ आणि बीएमपी दिले जाते. हृदय आणि पडदा यांचे काम येथे पिपेट करते. त्यानंतर पाच दिवस हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर हे यकृतपेशींच्या वाढीला चालना देणारे प्रथिन, आणि शेवटचे पाच दिवस ऑन्कोस्टॅटिन एम. प्रत्येक निरोप ऐकण्यासाठी पेशीने आधीचा निरोप पचवलेला असावा लागतो. दहाव्या दिवसाचे माध्यम, म्हणजे पेशींचे पोषक द्रव, पाचव्या दिवशी घातले तर काम लवकर उरकत नाही, फक्त पेशी वाया जातात. आमच्या सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाच्या घाईखातर आम्ही दोन दिवस वाचवण्याचा प्रयत्न केला होता. ती संपूर्ण खेप आम्हाला टाकून द्यावी लागली.

काम नीट झाले असेल तर विसाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोळ्यांना दिसते. सुरुवातीला दाट गर्दी करून बसलेल्या, एकमेकींपासून वेगळ्या न ओळखू येणाऱ्या पेशींच्या जागी आता बहुकोनी, ठसठशीत कडांच्या पेशी असतात, काहींमध्ये दोन-दोन केंद्रके असतात, आणि दोन पेशींच्या मधल्या फटीत पित्तवाहिनीची चकचकीत रेघ उमटलेली असते. अशी रेघ दिसेपर्यंत आम्ही कोणतीही खेप गोठवत नाही.

असे असले तरी या पेशी प्रौढ यकृतपेशींच्या तोडीच्या नाहीत, हे आम्ही ग्राहकांना आधीच सांगतो. त्या प्रौढ यकृताप्रमाणे अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन बनवतात, पण त्याबरोबर अल्फा-फीटोप्रोटीनही बनवत राहतात, आणि हे प्रथिन गर्भावस्थेची खूण आहे. औषधांचे विघटन करणारे सीवायपी३ए४ हे विकर (एन्झाइम) जन्मानंतर वाढते, त्याआधी त्याचे काम बव्हंशी सीवायपी३ए७ करते. आमच्या पेशींचा कल अजून सीवायपी३ए७ कडे झुकलेला असतो. त्यामुळे औषधांच्या विषारीपणाची चाचणी करणाऱ्या ग्राहकांनी आमच्या पेशींबरोबर दात्याच्या यकृतातून काढलेल्या पेशींचा एक तुलनागट अवश्य ठेवावा. यकृताचा विकास किंवा आनुवंशिक यकृतविकार यांचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र हेच कोवळेपण उपयोगी पडते.

एक गोष्ट जरा निराळी, पण सांगायलाच हवी अशी. यकृताच्या आजाराने खंगलेल्या रुग्णांचे नातेवाईक आम्हाला फोन करून, या पेशी टोचून घेता येतील का, असे विचारतात. त्यांची तळमळ आम्हाला समजते आणि म्हणूनच उत्तर निःसंदिग्ध देतो: नाही. आमच्या पेशी केवळ संशोधनासाठी आहेत. यकृताची पुन्हा वाढण्याची शक्ती खरी आहे; उंदीरवर्गीय प्राण्यांत सुमारे दोन तृतीयांश यकृत काढल्यावर ते पूर्वीच्या वजनाला पोहोचते, हे हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ सालीच दाखवले. परंतु ही वाढ मुख्यतः उरलेल्या प्रौढ पेशींच्या विभाजनातून होते, आणि सिऱ्होसिसमध्ये जखमेचे तंतू भरलेल्या यकृतात त्या विभाजनालाच अडथळा येतो. तेथे नुसत्या पेशी सोडून भागत नाही. पुनर्जनन वैद्यकातले काम आशादायक आहे हेही तितकेच खरे: २०१३ साली जपानमध्ये ताकानोरी ताकेबे आणि सहकाऱ्यांनी आयपीएस पेशींपासून केलेल्या यकृतपूर्व पेशी, रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी आणि मेसेन्कायमल (आधार देणाऱ्या ऊतीतल्या) पेशी एकत्र ठेवल्या, तेव्हा त्यांनी आपणहून यकृतांकुराचा गोळा बांधला आणि उंदरात रोपण केल्यावर त्यातल्या रक्तवाहिन्या उंदराच्या रक्तवाहिन्यांना जोडल्या गेल्या. गर्भातली ती सोबत येथेही कामी आली. मात्र उंदरातले हे यश आणि रुग्णालयातला उपचार यांत फार मोठे अंतर आहे. ते पार झाल्याचे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर आधी आपल्या यकृततज्ज्ञांना विचारावे आणि नोंदणीकृत वैद्यकीय चाचणीचा क्रमांक मागावा.

पेशी हाती आल्यावर कुपी द्रवरूप नायट्रोजनमध्येच ठेवावी. वापरताना ती ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात धरावी आणि आत बर्फाचा लहानसा खडा शिल्लक असतानाच बाहेर काढावी, कारण गोठवणद्रव्य उबदार झाले की पेशींना अपाय करते. पेशी कोलॅजनचे अस्तर दिलेल्या बशीतच पेराव्यात आणि पहिले काही तास बशी हलवू नये. त्या काळात पेशी तळाला चिकटत असतात. दुसऱ्या दिवशी माध्यम बदलताना वर तरंगणाऱ्या मृत पेशी दिसतील. त्या थोड्या असतील तर चिंता नको. निम्म्याहून अधिक असतील तर बशीचे छायाचित्र आणि कुपीवरचा खेप क्रमांक आम्हाला पाठवावा, आम्ही त्याच खेपेची राखून ठेवलेली कुपी उघडून तपासतो.