परदेशातून सायकलिंगचे कपडे मागवताय? कस्टममध्ये पार्सल नेमकं कशामुळे अडकतं ते आधी वाचा

रत्नागिरी, चिपळूण, दापोली, सावंतवाडी, सगळीकडे आता सायकलवाले वाढलेत आणि बरेच जण बिब शॉर्ट्स (खांद्यावर पट्टे आणि बसायला पॅड असलेली सायकलची चड्डी), जर्सी, रेन जॅकेट बाहेरच्या साइटवरून मागवतात, कारण आपल्या दमट हवेत साधा टीशर्ट अंगाला चिकटतो आणि घाट चढताना पॅड चांगला नसला तर काय हाल होतात ते ज्याचं त्याला माहीत. मागवा, काही हरकत नाही. पण मी जी अडकलेली पार्सलं बघतो त्यात टॅक्स परवडला नाही म्हणून अडकलेली फार थोडी, बाकी सगळी कागदामुळे. म्हणून टॅक्सचं थोडक्यात आणि कागदाचं सविस्तर लिहितोय.

आधी एक गैरसमज. अमुक रकमेच्या आत ड्युटी लागत नाही असं कोणीतरी सांगतं, ते आपल्याकडे लागू नाही, विकत मागवलेल्या मालाला भारतात अशी माफी नाहीच. भेटवस्तूला पूर्वी ५,००० रुपयांपर्यंत सूट होती, ती डिसेंबर २०१९ मध्ये काढली, आता गिफ्ट म्हणून बिनड्युटी येतात त्या राख्या आणि जीवरक्षक औषधं. तेव्हा सेलरला कृपा करून ‘गिफ्ट लिहा, किंमत कमी लिहा’ असं सांगू नका. किंमत पटली नाही की कस्टमवाले पुरावा मागतात आणि खोटी निघाली तर माल जप्त होऊन वर दंड बसू शकतो.

आता टॅक्स. स्वतःच्या वापरासाठी पोस्टाने किंवा विमानाने मागवलेल्या मालाला टॅरिफमध्ये ९८०४ हे वेगळं हेडिंग आहे. त्यात बेसिक कस्टम ड्युटी, लागू असेल तर तिच्यावर सोशल वेल्फेअर सरचार्ज आणि मग या सगळ्यासकट आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, जो २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. लोक टक्केवाऱ्यांची नुसती बेरीज करतात तिथे चुकतात. समजा ड्युटी २० आणि आयजीएसटी १८, तर ते ३८ होत नाही, ४१.६ होतं, कारण आयजीएसटी ड्युटी मिळवून आलेल्या रकमेवर लागतो. बेसिक ड्युटी बजेटमध्ये बदलते आणि तुम्ही ऑर्डर केली त्या दिवशीचा दर धरत नाहीत, इथे बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे माल सोडवायचा कस्टमचा कागद, दाखल होते तेव्हाचा धरतात, म्हणून मित्राने दोन वर्षांपूर्वी किती भरले त्यावर जाऊ नका, आइसगेट या कस्टमच्या साइटवर बघा.

हा टॅक्स नुसत्या जर्सीच्या किमतीवर नसतो, शिपिंग आणि विमा धरून असतो. शिपिंग किती ते कागदावरून कळतच नसेल तर नियमाप्रमाणे मालाच्या किमतीच्या २० टक्के धरतात आणि विमा १.१२५ टक्के, त्यामुळे इन्व्हॉइसवर शिपिंग वेगळं लिहून घ्या. ब्रिटनमधून घेत असाल तर तिकडचा २० टक्के व्हॅट निर्यातीवर लागत नाही, डिलिव्हरीचा देश भारत केल्यावर कार्टमधली किंमत उतरते का ते बघा. नसेल उतरत तर दोन्हीकडचा टॅक्स तुमच्याच खिशातून जाणार. कुरिअर कंपनी तुमच्या वतीने ड्युटी भरते त्याचा तिचा चार्ज वेगळा, तो सरकारी टॅक्स नाही, पावतीवर दोन्ही आकडे वेगळे मागून घ्या.

खरं दुखणं आहे केवायसी. कुरिअरने येणाऱ्या पार्सलला घेणाऱ्याचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो, आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, लायसन्स यातलं एखादं, पॅनवर पत्ता नसतो म्हणून नुसतं पॅन पुरत नाही. ऐकायला सोपं आहे, पण कोकणातल्या माणसाचं आधार बघा. पत्ता डोंबिवलीचा नाहीतर विरारचा, कारण आधार काढलं तेव्हा तो तिकडे नोकरीला होता, आणि पार्सल मागवलंय गुहागरच्या घरी कारण आता इकडेच राहायला आलाय. मग पत्त्याचा दुसरा पुरावा मागतात आणि घराचं वीजबिल आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन किती वर्षं झाली, घरपट्टी चुलत्यांसकट सामाईक. स्वतःच्या नावाचा आणि गावच्या पत्त्याचा एकही कागद नाही अशी कितीतरी माणसं आहेत आणि हा प्रश्न फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यात कधी येतच नाही याची मला खरंच चीड येते. मार्ग दोनच दिसतात. एक, पार्सल आधारवरच्याच पत्त्यावर मागवा आणि मुंबईहून येणाऱ्या कोणाबरोबर गावी आणा. दुसरा, गावातल्या बँकेत तुमचं खातं असेल तर त्यावर गावचा पत्ता टाकून घ्या आणि ते स्टेटमेंट चालेल का हे कुरिअरला ऑर्डर करायच्या आधी विचारा, नंतर नाही. आधारचा पत्ता बदलणार असाल तर बदल होऊन येईपर्यंत ऑर्डर थांबवा.

नावाचंही तेच. साइटवर टोपणनाव टाकलेलं, आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, किंवा बाईंचं पॅन माहेरच्या नावाचं आणि आधार सासरच्या. ओळखपत्रावर जसं आहे तसंच, स्पेलिंगसकट, ऑर्डरमध्ये टाका. आणि पैसे स्वतःच्या कार्डाने भरा, कारण पेमेंटचा पुरावा मागितला आणि कार्ड मेव्हण्याचं निघालं की तेही समजावत बसावं लागतं. सेलमध्ये घेतलं असेल तर ऑर्डर कन्फर्मेशनचा मेल आणि बँकेची एंट्री दोन्ही जपून ठेवा, अर्ध्या किमतीचं बिल बघून शंका घेतली जाते.

मुदतीबद्दल नीट ऐका. ३० दिवस आहेत असं लोक बिनधास्त सांगतात. ते ३० दिवस कस्टम कायद्याच्या कलम ४८ मधले, न सोडवलेला माल त्यानंतर विकता येतो एवढाच त्याचा अर्थ. कुरिअरची फुकट ठेवायची मुदत त्याहून कितीतरी कमी असते, पुढे भाडं चढतं आणि नाहीतर पार्सल परत जातं. केवायसीची लिंक मेलवर येते आणि स्पॅममध्ये पडून राहते, पावसात रेंज नसलेल्या वाडीत तर बघणारच कोण, म्हणून ऑर्डर निघाली की रोज ट्रॅकिंग उघडा. गणपतीला नवीन जर्सी हवी असेल तर श्रावणात मागवून उपयोग नाही.

पोस्टाने आलं तर ते मुंबईच्या फॉरेन पोस्ट ऑफिसमधून सुटतं आणि ड्युटी घरी पोस्टमनकडे भरायची, पावती घ्यायची, बाकी फार काही नाही.

ग्रूपसाठी एकत्र मागवू नका, हे हात जोडून सांगतो. एकाच्या नावावर दहा जर्सी, एस पासून डबल एक्सएल पर्यंत, हे वैयक्तिक वापराचं दिसत नाही आणि मग आयईसी मागतात, म्हणजे आयातदाराचा नंबर, जो व्यापाऱ्याकडे असतो. प्रत्येकाने आपापलं मागवा. जुन्या, वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत, ते स्वस्त दिसले तरी सोडा. आखातातून गावी येणारं कोणी असेल आणि एखाददुसरा नग असेल तर त्यांच्या सामानाच्या सवलतीत येऊ शकतो, पण त्यांच्या बॅगेत ग्रूपची ऑर्डर भरून त्यांना विमानतळावर अडचणीत आणू नका.

साइज टेपने मोजून घ्या, युरोपातल्या कंपन्यांचा रेस फिट आपल्या अंगाला घट्ट होतो. परत पाठवलं तर भरलेली ड्युटी आपोआप येत नाही. कलम ७४ खाली न वापरलेला माल दोन वर्षांत परत निर्यात केला तर ९८ टक्के ड्युटी मिळायची सोय आहे, पण परत पाठवताना कस्टमकडून रीतसर तपासून, कागद करून जावं लागतं, एका जर्सीसाठी एवढं कोणाला जमणार. बदलून फुकट आलेल्या मालावरही पुन्हा किंमत धरून ड्युटी लागते, सेलरने शून्य लिहिलं तरी.

आणि ‘तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, या खात्यावर पैसे भरा’ असा फोन किंवा मेसेज आला तर भरू नका. कस्टम खातं कोणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे मागत नाही आणि त्यांच्या पत्रावर डीआयएन नंबर, म्हणजे त्या पत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो, तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टम चालवणाऱ्या केंद्रीय बोर्डाच्या साइटवर टाकून खरा की खोटा ते तपासता येतं. शंका आली तर कुरिअरच्या ॲपमधून किंवा साइटवरून स्वतः फोन लावा, आलेल्या मेसेजमधल्या नंबरवर लावू नका.